तोफेने पाडलेली खिडकी

अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडात सोनं पिकू लागलं, असं पुण्यात जो तो सांगत होता. मला सोन्यात रस नाही, जुन्या देवळांत आहे, म्हणून निघालो. तुम्हीही जाणार असाल तर ध्यानात ठेवा, अमरावतीहून अकोटकडे माणसाला गाडी मिळत नाही. सगळे बैल कापसाच्या चाकरीत. वलगावपर्यंत मी कापसाच्या बोजावर बसून गेलो आणि भाडं बोजापेक्षा जास्त दिलं.

"कापूस कटकट करत नाही नं जी!" गाडीवानाने खुलासा केला.

वाटेत भाकरी आणि ठेचा मिळतो. ठेचा खाल्ला की खड्ड्यांचा विसर पडतो.

अकोटच्या अलीकडे एका गावात देवीचं काळ्या दगडाचं देऊळ आहे. साठेक वर्षांपूर्वी इथे इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा त्यांच्या तोफेचा गोळा लागून गाभाऱ्याच्या भिंतीला भगदाड पडलं. यंदा कापसाने घर भरल्यावर गावच्या पाटलांना त्याचा एकाएकी कळवळा आला. चुन्याच्या थेंबाशिवाय शतकानुशतकं उभ्या राहिलेल्या भिंतीला विटा, चुना आणि वर पोपटी रंग! तोफखान्याला जमलं नाही ते पाटलांनी करून दाखवलं.

"कसं दिसून राहिलं, पंत?"

"डोळे दिपले," मी म्हणालो. पाटील खूश झाले.

भगदाडाची हातभर फट तेवढी उरली होती. बाहेर महारवाड्यातली म्हातारी सोनामाय उभी होती. तिच्या लोकांना देवळात पाऊल टाकायची बंदी, पण भगदाडातून देवी दिसायची. देवी आज कोणत्या लुगड्यात आहे, हे सोनामाय रोज सकाळी बघून जायची आणि वस्तीत सांगायची.

"पाटील, येवढी फट राहू द्या जी."

"फट ठेवली तं दुरुस्ती कायची?"

मी मध्ये पडलो. "खिडकी ठेवा, उजेड येईल."

"उजेडाले समई आणली नं पितळेची!"

गवंड्याने शेवटची वीट बसवली.

"गोऱ्यायच्या तोफेनं माय दाखोली, तुमच्या कापसानं झाकली," सोनामाय म्हणाली. पाटील रंग न्याहाळत होते. मग ती माझ्याकडे वळली. "तुमाले आत जाता येते नं? पाहून सांगा."

मी आत जाऊन आलो. "हिरवं लुगडं, लाल काठ."

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायच्या आधी ती पुन्हा आली. "पिवळं," मी सांगितलं. ती मान डोलावून वस्तीकडे गेली.

पुण्यात लोक विचारतात, लढाईत देवळाचं नुकसान किती झालं? मी सांगतो, लढाईत थोडं, दुरुस्तीत फार. ते हसतात. मला हसू येत नाही. आज देवी कोणत्या लुगड्यात आहे, हे सोनामायला कोण सांगणार?