धोंड्याचा जावई

आज सकाळी माझी सासू गेली.
कायद्याला विचाराल तर ती माझी कोणीच नव्हती.

मी आणि संदीप, दोघं पुरुष. बरीच वर्षं वर्ध्यात एकत्र संसार करतोय. सासू म्हणजे संदीपची आई. देवळीत बांगड्यांचं दुकान, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक भाव करायला घाबरायचं.

२०२३ साली अधिक महिना आला. धोंड्याचा. जावयाला बोलावून अनारसे द्यायचा.
आईंचा फोन. "दोघंबी या. अन् तू नवा शर्ट घालजो."

गेलो तर पाटाभोवती रांगोळी. तांब्याच्या ताटात अनारसे, वर दिवा.
"बसा जवाईबापू."

मी संदीपकडे बघितलं. तो माझ्याकडे.
"आई, मी कसा जावई?"
"मंग काय सून म्हणू तुले? बस गुपचूप."

आणि त्या बाईनं सगळ्या पाहुण्यांसमोर माझे पाय धुतले.
मामा, म्हणजे आईंचे सख्खे भाऊ, भरल्या ताटावरून उठून गेले. आईंनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.
आत्ता लिहितानाही अंगावर काटा येतोय. कुठून आणलं असेल एवढं धाडस?

थोड्याच महिन्यांत आमच्यासारख्यांच्या लग्नावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. लग्न नाही. निदान सिव्हिल पार्टनरशिप तरी मिळेल, कागदावर एकमेकांचे जोडीदार म्हणून राहता येईल, ही आशा होती. तीही गेली. कायदा करायचा तर संसदेनं करावा म्हणे.

मी रडत बसलो होतो. आईंनी टीव्ही बंद केला.
"काऊन रडून राह्यला बाबू? हातात भरलेली बांगडी मी कधी परत घेतली काय? धोंडा देल्ला म्हणजे देल्ला."

आज तिरडी बांधून झाली. खांदा द्यायला मी पुढे झालो, आणि मामांनी माझा हात धरला.

वाटलं, झालं. आता चारचौघांत हाकलणार.

"मागं व्हा," मामा म्हणाले. "आपल्या घरात जवाई सासूले खांदा देत नाई."

जवाई.
मामांच्या तोंडून.

संदीपच्या बहिणीचा नवरा, घरचा थोरला जावई, आधीच मागे उभा होता. त्यानं थोडं सरकून मला शेजारी जागा दिली. स्मशानापर्यंत आम्ही दोघं बरोबर चाललो.

आई, संसदेचं व्हायचं तेव्हा होईल. तुमचा कायदा लागू झाला.

धाकट्या जावयाचा शेवटचा नमस्कार.