पाचवी सवाशीण

आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा शुक्रवार. ठिकाण धुळे, एकवीरेचं देऊळ. हजर: मी, आठव्या महिन्यातली माझी लेक, मोठ्या जाऊबाई म्हणजे आमच्या अक्का, आणि पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीतल्या दोघी. पाचवी सवाशीण उन्हामुळे ऐनवेळी गळाली. देवीसमोर लेकीची ओटी पाच जणींनी भरायची, असा आमच्या घरचा नेम. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. यादीतलं काही विसरलं नव्हतं. मन मात्र ठिकाणावर नव्हतं. आखाजीपासून लेक तळहात-तळपाय खाजवत होती. पुरळ नाही, ताप नाही. सणाची मेंदी नुकतीच काढलेली, म्हणून सगळं मेंदीवर ढकललं. "त्या कोनवाल्याला बघतेच मी," अक्का म्हणायच्या. मी खोबरेल चोळत होते आणि देवीला विनवत होते, एवढं पार पडू दे.

रांगेत आमच्या मागे एक तरुण बाई एकटीच उभी होती, साक्रीकडून आले म्हणाली. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. अक्कांनी तिलाच पाचवी म्हणून बोलावलं, ओटीचं ताट हातात दिलं. ती हरखली. पदर सावरून लेकीसमोर बसली, तेवढ्यात अक्कांनी विचारलं, "लेकरं किती गं तुला?"

"एक व्हतं, अक्का. पोटमाच गयं."

अक्कांनी ताट काढून घेतलं. रागाने नव्हे, अगदी सहज, चुकून दुसऱ्याच्या पानात वाढलेलं उचलावं तसं. "तू राहू दे, बाई." आम्ही बाकीच्या ओटीचं सामान लावू लागलो.

ती उठली, पण गेली नाही. लेकीच्या हातांकडे बघत राहिली. "ताई, रातले जास्ती खाजस ना?" लेकीने मान हलवली. "हाई मेंदीनी खाज नही शे. माले बी अशीच व्हती. बठ्ठा लोक म्हणेत, उष्णता शे. आजच रगत तपासी ल्या."

"ओटीच्या वेळी काय अभद्र बोलते!" अक्का कडाडल्या. ती पायऱ्या उतरून गेली. तिला हाक मारावी एवढंही आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

चौघींनी ओटी भरली. त्यानंतर मी अक्कांचं ऐकलं नाही. देवळातून थेट दवाखाना गाठला. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गरोदरपणात काही जणींच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही, ते रक्तात साठतं. आईला नुसती खाज सुटते, पण बाळ कसलीही चाहूल न देता पोटातच जाऊ शकतं. लेकीला दाखल करून घेतलं. औषधं, रोज बाळाचे ठोके बघणं, पुन्हा पुन्हा रक्त. शेवटी दिवस भरायच्या आधीच कळा आणवल्या. नात झाली. थोडे दिवस काचेच्या पेटीत होती, आता मांडीवर मावत नाही.

अक्का सगळ्यांना सांगतात, देवीच त्या बाईच्या तोंडून बोलली. मीही तेच मानते. पण मग देवीच्या हातातून ताट कुणी काढून घेतलं? आणि लेकीच्या वेळी बोललेली देवी त्या बाईच्या वेळी का बोलली नाही? तिला ते समजलं ते स्वतःचं लेकरू गमावून. आमच्या घरातला पाळणा त्या किमतीवर हलतो आहे. रोज देवापुढे दिवा लावताना हात जोडते, आभार मानते, आणि मध्येच ती आठवते. आयुष्यभर सगळं आखून केलं. वाचवणारी मात्र यादीत नव्हती, आणि आली तेव्हा आम्ही तिला बसू दिलं नाही. कृपा आपल्या नेमात बसेल अशीच येते, हा हट्ट मी आता सोडला आहे. कडू आहे, पण सोडला आहे.

त्या दिवशीचा पाचवा खण तसाच घडी घातलेला कपाटात आहे. तिचं नाव विचारलं नव्हतं. साक्रीच्या आठवडी बाजारात जाऊन बायकांत चौकशी करायची, तिला पाटावर बसवायचं, आणि नात तिच्या ओटीत ठेवायची. एवढं काम राहिलं आहे.