वादळात आधी कुठे जायचे?

गेल्या गुरुवारी, भाईंदरला केबिन रोडवरच्या इंग्रजीच्या क्लासात, मी आयुष्यात प्रथमच चुकीचे इंग्रजी वापरले. उभा राहून, मोठ्याने, चौदा माणसांसमोर... आणि त्याचा मला यत्किंचितही पश्चात्ताप नाही.

मी चोपन्न वर्षांचा, मराठी माध्यमातला वाणिज्य पदवीधर. एका खाजगी कंपनीचा इंग्रजी पत्रव्यवहार अठ्ठावीस वर्षे सांभाळतोय. माझ्या पत्रातला स्वल्पविरामसुद्धा आजवर कोणी हलवलेला नाही. पण आता पत्रे संपली, सगळे काही व्हिडिओ कॉलवर चालते आणि तिथे माझा माइक कायम बंद...

याला कारण माझी पद्धत. वाक्य आधी वहीत पेन्सिलीने लिहायचे, काळ तपासायचा, मगच तोंड उघडायचे. तोपर्यंत प्रश्न पुढच्या माणसाकडे गेलेला असतो. क्लासातही दोन महिने हेच चालले होते.

माझ्या शेजारी फिलोमिनाबाई बसतात. उत्तनच्या, मासळीचा धंदा करणाऱ्या, वयाने माझ्याच आसपास. दुपारी पाट्या रिकाम्या केल्या की बस पकडायची, स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला यायचे... दोन महिन्यांत एकही खाडा नाही.

मागच्या वादळानंतर एका संस्थेची माणसे त्यांच्या गावात नुकसान पाहायला आली होती. विचारणे इंग्रजीत, लिहून घेणे इंग्रजीत. बाईंच्या वतीने दुसराच कोणी बोलला. "माझी अख्खी वलांडी गेली, बोंबलांसकट! आन् तो एक वाक्य बोलून मोकळा," बाई सांगत होत्या. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालण्यासाठी किनाऱ्यावर उभारलेली बांबूंची रांग. ती माणसे पुढच्या महिन्यात परत येणार आहेत, आणि या वेळी बाईंना स्वतः बोलायचे आहे.

गुरुवारचा धडा होता नैसर्गिक आपत्तींचा. भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ... फळ्यावर इंग्रजी शब्द, त्याखाली प्रश्न. आमचे सर तिशीतले, समजावतात हिंदीत, पण उत्तर मात्र त्यांना पुस्तकातलेच लागते. प्रश्न असा होता, की वादळाची सूचना मिळाल्यावर लोक सर्वप्रथम काय करतात?

फिलोमिनाबाई उठल्या. "फर्स्ट वी रन टू सी. टेक ड्राय फिश. पुल बोट, टाय रोप. देन गो होम."

"राँग, आंटी," सर हसले. "तूफान में समंदर की तरफ कौन भागता है? बुक देखो. स्टे इनडोअर्स."

"आंटी को फिश की पडी है!" मागून कोणीतरी म्हणाले. सगळा वर्ग हसला.

बाईंनी वही पिशवीत घातली, पेन घातले, पिशवीला गाठ मारली. "उद्यापास्ना न्हाय येत मी," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या आणि बाकातून बाहेर पडल्या.

माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. 'शी' एवढा एक शब्द लिहिला आणि लक्षात आले... मी काळ तपासेपर्यंत ही बाई जिना उतरलेली असेल.

उभा राहिलो. "सर, शी इज राइट. बुक इज नॉट लिव्ह इन उत्तन. इन माय हाउस फ्लड कम. बुक से, रन अप. हाउ आय रन? माय मदर इज इन बेड. फर्स्ट आय लिफ्ट माय मदर. देन आय गो अप."

कमीत कमी पाच चुका. बोलतानाच कळत होत्या. एकही दुरुस्त केली नाही.

सरांनी हातातले पुस्तक मिटले. "अंकल, दो महीने में आज पहली बार बोले आप," ते म्हणाले. मग दाराकडे वळून, "बैठो, आंटी. बोट कैसे बांधते हो, वो बोलो."

बाईंनी पिशवीची गाठ सोडली. दहा मिनिटे बोलल्या... अडखळत, पण न थांबता. वलांडीला इंग्रजीत काय म्हणतात, हे सरांनाही सांगता येईना. "मग वलांडीच लिवा," बाई म्हणाल्या. सरांनी निमूटपणे फळ्यावर लिहिले.

शनिवारी चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. उत्तरसूची छापील, सरांनाही त्यात बदल करता येत नाही. 'बरोबर' उत्तर मला पाठ होते. तरीही मी फिलोमिनाबाईंचेच उत्तर लिहिले, या वेळी व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष, आणि लाल फुली मिळवली. बाईंनाही तीच मिळाली. "आपुन दोघंबी नापास," त्या खुशीत म्हणाल्या.

ती उत्तरपत्रिका मी पदवीच्या प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये, त्याच्या लगेच मागे लावली आहे. पुढच्या महिन्यात बाई किनाऱ्यावर उभ्या राहून चुकत बोलतील, आणि तरीही त्यांच्या वलांडीबद्दल तिथे त्यांच्याइतके अचूक कोणीही बोलू शकणार नाही. मला पेन्सिल खाली ठेवायला लावल्याबद्दल, बाई, मी तुमचा ऋणी आहे.