मी बसलो की घासतं

आधीच सांगून ठेवतो. भूत, नजर, करणी यातलं काही मी मानत नाही. जळगावात हायवेला माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. नवी गाडी घेतलेले लोक चाकाखाली चिरडायला लिंबं आणतात, त्यातली उरलेली मी सरबताला वापरतो. आजवर पोटसुद्धा बिघडलेलं नाही. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसतो. या सदरातले अनुभवही वाचतो, आणि समासात पेन्सिलीनं 'मोजलं होतं का?' असं लिहून ठेवतो. त्यामुळे माझा अनुभव मोजूनच सांगतो. हसायचं असेल तर हसा... तुमच्या जागी मीही हसलो असतो.

माझा चुलतभाऊ दिलीप धुळ्याला असतो. भडगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही एकाच घरात वाढलो. मी चार वर्षांचा असताना माझी आई गेली. मला वाढवलं ते दिलीपच्या आईनं, अक्कानं. शाळेत गणिताच्या पेपराला दिलीप माझ्या मागे बसायचा आणि मी थोडा उजवीकडे सरकून बसायचो, त्याला दिसावं म्हणून. पाना कसा धरायचा तेही त्याला मीच शिकवलं. आता तो मोठा कंत्राटदार आहे. वाढदिवसाला धुळ्यात चौकाचौकात त्याचे बॅनर लागतात. गॉगल लावलेला दिलीप, जोडलेले हात आणि खाली 'भावी' – पुढचा शब्द अजून ठरायचा आहे.

माझ्याकडे काय, तर हात. आमच्या भाऊबंदांत एवढी एक गोष्ट सगळ्यांना मान्य आहे. पैसा दिलीपचा, माणसं दिलीपची, हात मात्र सुभाषचा. माझ्या बायकोलाही हे मान्य आहे, फक्त ती पुढे जोडते, "अहो, दिलीपभाऊजींकडून चार शब्द बोलायला तरी शिका."

आषाढ संपत आला होता. एका सकाळी दिलीप नवी जीप घेऊन दुकानावर आला. सोबत दुसऱ्या गाडीत चार कार्यकर्ते, त्यातला एक उतरताना व्हिडिओ काढत होता. जीपला पुण्याहून आणलेले रुंद टायर. मागचे तर मडगार्डच्या तीन बोटं बाहेर. मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं – 'अक्काची कृपा'.

ते वाचायला मला आवडलं नाही. इथं खरं लिहायचं म्हणून लिहितो.

"भो, मांगलं टायर घासस," दिलीप आमच्या अहिराणीत म्हणाला. "धुयाना तीन मिस्तरी दखी ग्यात. मी सांगं, मना भाऊ शे जयगावले."

"इतला रुंद काबर बसाडात?"

"दिखाले पाह्यजेत ना, भो."

निदान उत्तर प्रामाणिक होतं.

दोष खरा होता, तो नीट सांगतो. गाडी भरली किंवा गतिरोधकावर उडली की मागचा भाग खाली दबायचा आणि टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागायचा. कडेचा रंग उडालेला, टायरच्या खांद्यावर, म्हणजे बाजूच्या कडेवर, घासल्याचा पट्टा. चाक बाहेर ढकलणारी जाड चकती कोणीतरी घातली होती, ती काढून मी पातळ घातली. स्प्रिंगखाली रबराचे तुकडे देऊन मागचा भाग उचलला. मडगार्डची कड आत दुमडायचं काम सलीमभाईंचं. ते शेजारी डेंटिंग करतात. गरम हवेची बंदूक फिरवत, रंगाला तडा जाऊ न देता त्यांनी कड अशी वळवली की बोट फिरवावं तर लागू नये. मग मी घरून कणकेचे गोळे मागवले. गोळा मडगार्डच्या आत चिकटवायचा आणि गाडी खड्ड्यातून न्यायची. टायर लागला तर गोळा चपटा होतो. साधी, खोटं न बोलणारी पद्धत.

दुसऱ्या दिवशी दिलीप कार्यकर्त्यांसह गाडी न्यायला आला. तो स्टिअरिंगवर, सलीमभाई त्याच्या शेजारी, मी आवाज ऐकायला मागे, कार्यकर्ते दुसऱ्या गाडीत मागोमाग. एमआयडीसीच्या रस्त्यावर खड्ड्यांची कमी नाही. पहिली पाच मिनिटं काही नाही. दिलीप बोलत होता. अक्कासाठी तळमजल्यावर खोली काढली आहे, तिला गुडघ्याचा त्रास नको म्हणून बाथरूम आतच...

खर्रर्र.

सपाट रस्त्यावर. खड्डा नाही, वळण नाही. रबर जळल्याचा वास आला.

थांबून खाली वाकलो. कणकेचा गोळा लावला तसाच गोल. त्याच्यासमोर टायरच्या खांद्यावर ताजा पट्टा, हात लावला तर चटका. गोळ्याला न शिवता टायर मडगार्डला घासला कसा, हे मी सलीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, "सुभाषभाई, इस बार आप मत बैठो."

मी खालीच थांबलो, दिलीपनं गाडी फिरवून आणली. आवाज बंद. माझं वजन अठ्ठावन्न किलो. माझ्या जागी दिलीपचा एक कार्यकर्ता बसवला, सहज शंभराच्या वरचा. आवाज नाही. जवळच्या एका बांधकामावरून सिमेंटच्या सहा गोण्या आणून मागे टाकल्या. आवाज नाही. गोण्या काढून मी बसलो.

खर्रर्र.

"तू बठना का घासस रे!" दिलीप हसून लोटपोट. कार्यकर्ते हसले. मीही हसलो... पण घरी येऊन जेवलो नाही. माझ्याकडे जी एक गोष्ट होती ती त्या दिवशी दिलीपसमोर, त्याच्या माणसांसमोर, रस्त्यावर पडली होती.

गाडी ठेवून घेतली. आठ दिवस तिच्यामागे लागलो. एक्सल एका बाजूला सरकलाय का, बुश गेलेत का, रिम वाकडी आहे का... सगळं मोजलं, वहीत आकडे आहेत. शेवटी गाडी धुळ्याला पोचवायला मी एकटाच निघालो. जळगाव ते धुळे, एरंडोल, पारोळा करत, नव्वद किलोमीटर. रस्त्यात लोक वळून गाडीकडे बघत होते. एका टपरीवाल्यानं चहा देताना मला 'साहेब' म्हटलं. आवाज एकदाही आला नाही. आणि आता आठवतं ते असं, की त्या नव्वद किलोमीटरमध्ये मला कुणाचाही हेवा वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार, श्रावणातला. आमच्या गावी कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, कानबाई ही आमची देवी; तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, त्याच्या पिठाचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. माझ्या नावचे गहू अजूनही अक्काच मोजते.

सकाळी धुळ्याहून निघताना अक्का मागच्या सीटवर बसली आणि शेजारची जागा थोपटून म्हणाली, "सुभाष, मना जोडे बठ."

तिच्या कमरेचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. नाही म्हणता येईना. पारोळ्यापर्यंत सगळं शांत. मला वाटलं, जमलं. तिथून भडगावकडे वळलो आणि अक्का कौतुकानं सांगू लागली, दिलीपनं तिला विमानानं तिरुपतीला नेलं. ढग खाली दिसतात म्हणे, कापसासारखे.

पंधरा वर्षं मी तिला म्हणत होतो, अक्का, तुला तिरुपतीला नेईन. रेल्वेनं का होईना, नेईन.

खर्रर्र.

"हाऊ कसाना आवाज शे रे?" अक्का दचकली.

दिलीपनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. वेग कमी केला तरी आवाज थांबेना, उलट वाढला. गाडी बाजूला घेऊन उतरलो. टायरच्या खांद्यातून आतले धागे दिसायला लागले होते. असा टायर रस्त्यात फुटला तर गाडी उलटते, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. आत अक्का होती.

"तुम्ही पुढे व्हा," मी म्हणालो. "मी एसटीनं येतो."

"खुळा व्हयना का? स्टेपनी बसाडूत, हयूहयू जाऊत," दिलीप म्हणाला.

स्टेपनी बसवली. स्टेपनीही तसलीच रुंद. मग मी म्हणालो, "बसून दाखवू?" तो जाऊन स्टिअरिंगवर बसला. अक्का खिडकीतून बघत राहिली, मी का बसत नाही ते तिला कळेना. गाडी गेली. मोकळ्या शेतांमधून बराच लांब जाईपर्यंत कान देऊन ऐकलं. एक कुरकुर नाही.

एसटी उशिरा मिळाली. गावात पोचलो तेव्हा पंगत बसून होती. ताटं वाढलेली, रोटांना कुणी हात लावलेला नाही. भुकेली पोरं रडकुंडीला आलेली. दिलीपच्या शेजारचं एक पान रिकामं.

"ये भो," तो सरकून म्हणाला, "बठ्ठा तुनीच वाट दखी राह्यनात."

बसलो. पोरांनी लगेच रोटांवर झडप घातली.

पंधरा दिवसांनी दिलीप पुन्हा दुकानावर आला, या वेळी कार्यकर्त्यांशिवाय. डिकीत कंपनीचे मूळचे चार टायर. "हाई बसाड," एवढंच म्हणाला. त्याच्या जीपला ते अगदी बारके दिसत होते, पहिलवानानं पोराची चप्पल घालावी तसे. बसवून झाल्यावर मागच्या चाकात आणि मडगार्डमध्ये मोजलं. माझी मूठ आत फिरत होती. घासायला टायरच तिथपर्यंत पोचत नाही.

अक्का एका लग्नासाठी अमळनेरला आली होती, तिला आणायला आम्ही दोघं निघालो. येताना ती आणि मी मागे. ती थकून डोळे मिटून बसली होती. मी दिलीपला विचारलं, एवढ्या हौसेनं आणलेले टायर काढलेस कशाला?

"तुले बठता यावो म्हनीन," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "अक्का तुनाबिगर बठत नही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. पैसा, माणसं, अक्का... आणि आता मोठं मनही त्याचंच.

आवाज आला. आधी बारीक, मग तोच, ओळखीचा. खर्रर्र.

मूठभर अंतर मी स्वतः मोजलं होतं. अक्काला धुळ्याला सोडून गाडी दुकानावर आणली तेव्हा पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं. टायरवर ताजा पट्टा होता. सलीमभाईंनी तो पाहिला आणि गरम हवेची बंदूक उचलून ते आपल्या कामाला लागले. तुमच्यापैकी कुणी गाड्यांमधलं जाणकार असेल तर वहीतले सगळे आकडे पाठवतो. मला कारण सापडलेलं नाही. जे सापडल्यासारखं वाटतं ते कुठल्याच मापानं मोजता येत नाही, म्हणून मी ते मानत नाही.

त्या दिवशी मात्र मी दाराच्या कडीला हात घातला होता, उतरतो म्हणायला. दिलीपनं आरशातून पाहिलं. मग हात पुढे करून गाण्याचा आवाज वाढवला, इतका की अक्का जागी होऊन त्याच्यावर ओरडली. त्यानं कमी केला नाही. धुळं येईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.