सोनूबाईची भवानी

भाट्ये गावच्या सोनूबाईने उभा जन्म डोक्यावर मासळीची पाटी वाहिली. होड्या किनाऱ्याला लागल्या की पाटी भरायची आणि पावस गावच्या वाटेला लागायचं. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. पैसे नसतील तर मूठभर तांदूळ चालत, पण भवानी हवीच.

सून गुणवंती पहिल्यांदा पाटी घेऊन निघाली, तेव्हा लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. मुक्या कोळणीची मासळी कोण घेणार? शेवटी सोनूबाईनेच आपल्या ओच्यातले तांदूळ तिच्या पाटीत टाकले. "घे, माजीच भवानी. तुजी पाटी कदी भरलेली घरी यायची नाय."

गुणवंती तो आशीर्वाद कधी विसरली नाही. विसरली ती सोनूबाई. म्हातारपणी आधी तिची झोप उडाली, मग एकेक माणूस मनातून निसटू लागलं. दिवसा बसल्या जागी पेंगायची आणि रात्रभर रिकामी पाटी मांडीवर घेऊन दाराकडे बघायची. "भवानी व्हायची हाय गो," एवढंच बोलणं.

मुलगा शिवा म्हणाला, "भायरनं कडी घालूया. खाडीत गेली तर?"

"आय हाय तुमची, डालायला कोंबडी नाय," गुणवंती म्हणाली. बाई मोठी हट्टी.

आणि एका पहाटे म्हातारी पाटीसकट नाहीशी झाली. कडी घातली असती तर, असं म्हणत गुणवंती आधी खाडीकाठी धावली, मग पावसच्या वाटेने. जुनं गिऱ्हाईक असलेल्या जनी कुणबिणीच्या पडवीत सोनूबाई चक्क घोरत पडली होती.

"रिकामी पाटी उतरून बसली, उठंचना," जनी म्हणाली. "मग मूठभर तांदूळ घातले पाटीत. कपाळाला लावले नि आडवी झाली मावशी."

गुणवंतीने जनीचे हात धरले आणि पोटभर रडून घेतलं. त्या बाईचे उपकार तिने जन्मभर मानले.

तेव्हापासून दिवेलागणीला ती पाटीत मूठभर तांदूळ टाकी. "आये, भवानी घे." बहुतेक रात्री सोनूबाईला झोप लागे. लागली नाही तर गुणवंती शेजारी बसून राही. कडी मात्र कधी लागली नाही.

एके संध्याकाळी तांदूळ कपाळाला लावून सोनूबाई तिच्याकडे बघत राहिली.

"तू कुनाची गो, बाय?"

"तुजीच."

"रोज माजी भवानी करतंस. तुजी कोन करतं?" म्हातारीने अर्धे तांदूळ तिच्या पदरात टाकले. "घे, माजीच भवानी. तुजी पाटी कदी भरलेली घरी यायची नाय."

गुणवंतीने ते तांदूळ कपाळाला लावले.