तीन मतांचा दरवाजा

"बुरुल एजे, तीनऐवजी दोन मतांवर चालवा की! दरडीने तार तोडलीय, आपल्याकडे दोनच संगणक उरलेत."

"म्हणूनच नाही, माकसात. बाकीचे तीन डोंगरापलीकडच्या खोलीत आहेत. त्यांनी आधीच होकार दिला असेल तर?"

धरणाचे दरवाजे एका वेळी एकाच खोलीने उघडावेत, म्हणून पाचपैकी तीन संगणकांची मतं लागत. हा नियम बुरुल, सगळ्यांची 'एजे' म्हणजे थोरली ताई, एकोणीस वर्षं सांभाळत होती.

"पलीकडची माणसं घोडीच्या दुधाची कुमिस पिऊन झोपली असतील! इथे खाली शेतं वाळतायत."

"शेतं उद्या भिजतील. दोन्हीकडून दरवाजे उघडले तर गावच वाहून जाईल."

"साहेब मी आहे की तुम्ही?"

बुरुलने नियम बदलायची किल्ली खिशात घातली आणि तार जोडणाऱ्यांकडे निघाली.