न झालेल्या सीझनचा बूट

आमच्या घरात असल्या गोष्टींना कधीच थारा नव्हता, हे आधी सांगून टाकते. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी तरुणपणी घरातले ताईत, गंडेदोरे सगळे एका गोणीत भरून नदीत सोडले आणि आम्हा पोरांना सांगितलं, जे दिसतं त्याला कारण असतं, ते शोधायचं. मी शाळेत सातवीपर्यंतच गेले, पुढचं सगळं वाचून-ऐकून. पण ते वाक्य काही सोडलं नाही. बदलापूरला आमच्या सोसायटीत कोणाला काही ‘दिसलं’ की टॉर्च घेऊन मीच पुढे जायची. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... मंजूला, म्हणजे माझ्या लेकीला, विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, “लिही, पण मला साक्षीला बोलावू नकोस.” यावरून काय ते समजा.

मंजू मेलबर्नला, डँडेनॉन्गमध्ये राहते. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ट्रकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. नवरा तिथलाच, गोरा. नाव ग्लेन. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण जावयाला अरे-तुरे माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून मी ग्लेनराव म्हणते. ते मला ‘आई’ म्हणतात, आणि अगदी नीट म्हणतात. खरं सांगायचं तर हे लग्न सुरुवातीला मला पटलं नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. हे पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच कबूल करते.

ग्लेनराव पेशाने फिटर, पण जीव सगळा स्पीडवेत. स्पीडवे म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवर मोटरसायकलींची शर्यत. चार जण, चार फेऱ्या, एका मिनिटात खेळ खलास. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिलपासून, ते सहा-सात महिने इंग्लंडला जायचे, तिथल्या एका लहान गावाच्या टीमकडून खेळायला. तिथली लीगही काही मोठी नाही, अगदी खालच्या पायरीची. बघायला गावातली म्हातारी माणसं थर्मास घेऊन येतात म्हणे. पैसा नाही, टीव्ही नाही, वय छत्तीस... तरी दरवर्षी जाणार.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी दोन महिन्यांसाठी म्हणून गेले. कपडे धुवायचं मशीन गॅरेजमध्ये होतं आणि त्याच्या वर खिळ्याला एक लोखंडी बूट टांगलेला. बूट म्हणजे नुसता तळ आणि पुढे चवडा झाकेल एवढी पट्टी, वर चामड्याचा पट्टा. एकच, डाव्या पायाचा.

“दुसरा कुठेय?” मी विचारलं.

“ओन्ली लेफ्ट, आई. वी ओन्ली टर्न लेफ्ट.” त्यांनी गॅरेजमध्येच डावा पाय पुढे टाकून दाखवला. वळणावर हा पाय जमिनीवर टेकवून घासत न्यायचा, साध्या बुटाचा तळ एका दिवसात फाटेल म्हणून हा लोखंडी.

“आणि ब्रेक?”

“नो ब्रेक्स.”

“मंजू!” मी तिथूनच ओरडले. “यांच्या गाडीला ब्रेक नाहीत, तुला माहितेय का?”

“लग्नाआधीपासून माहितेय, आई,” ती आतून म्हणाली. “आता तू आवरतं घे.”

नव्या सीझनसाठी त्यांनी बुटाला नुकताच नवा तळ वेल्डिंग करून आणला होता. एप्रिलमध्ये जायचं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली, मग तो आख्खा सीझनच रद्द झाला. मीही अडकले. तेवढ्यात मंजूला दिवस गेल्याचं कळलं. पहिली दोन राहिली नव्हती, त्यात बीपी वर. डॉक्टरांनी सांगितलं, हिला बाहेरचा संसर्ग अजिबात लागू देऊ नका, आणि मनाला त्रासही नको. ग्लेनरावांनी तिच्या पोटावर हात ठेवून शब्द दिला, बाळ होईपर्यंत गाडीला हात लावणार नाही. त्याच दुपारी इंजिन उतरवून बेंचवर ठेवलं.

गॅरेज दमट. बुटावर महिन्याभरात नारिंगी गंज चढला. लोखंड मला कळतं बरं का. चाळीस वर्षं लोखंडी तवा सांभाळलाय, आणि आमचे मिस्टर अंबरनाथला कारखान्यात टर्नर होते.

मे महिन्यातला एक गुरुवार. गुरुवार नक्की, कारण त्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढायचे असत. सकाळी सातला मी कपडे टाकायला गॅरेजमध्ये गेले आणि नाकाला वास लागला. जळक्या एरंडेलाचा! लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं एरंडेल मी मेले तरी विसरणार नाही. वर बघते तर बुटाचा तळ लखलखीत. कडेला गंज तसाच, तळ मात्र चांदीसारखा.

मी वासाचं मंजूला सहज विचारलं. ती म्हणाली, “अगं, स्पीडवेच्या गाड्यांना कॅस्टर ऑइलच घालतात, म्हणजे आपलं एरंडेलच. जुना वास असेल.”

जुना? कालपर्यंत नव्हता तो?

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शब्द मोडला यांनी. कुठेतरी मित्राच्या शेतावर जात असतील पहाटे, हिचा डोळा लागल्यावर. पुढच्या बुधवारपर्यंत तळ पुन्हा मळकट. गुरुवारी पुन्हा लखलखीत. मी बदलापूरहून नेलेल्या मराठी कॅलेंडरवर त्या-त्या गुरुवारी पेन्सिलीने टिंब काढायला लागले. सगळे गुरुवार नाही. मधला एखादा कोरा जायचा. मग मला वाटायचं, आज मित्राला जमलं नसेल!

ऑगस्ट आला. लॉकडाउन इतका कडक, की पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, संध्याकाळी आठनंतर दाराबाहेर नाही. आणि बूट तरी चमकतोच. मी ग्लेनरावांचे डोळे बघायची, झोप झालेली दिसते का. दारात उभ्या त्यांच्या व्हॅनच्या बॉनेटला हात लावून बघायची, गरम आहे का. नसायचं. म्हणजे मित्र घ्यायला येतो! असा माझा हिशोब.

एका बुधवारी संध्याकाळी मी मैदा घेतला, चाळणीने गॅरेजच्या जमिनीवर पसरला. दारापासून मशीनपर्यंत, एक बोट जागा सोडली नाही. सकाळी बघते तर पीठ जसंच्या तसं. उंदराचं पाऊलही नाही. बूट मात्र चमकतोय, आणि बरोबर त्याच्याखाली, पिठावर, लाल चिखलाचे चार ठिपके. ओले.

शहाण्या बाईने तिथेच थांबावं की नाही? मी काय म्हटलं असेल... हा माणूस मशीनवरून चढून गेला!

आणि मी मंजूला सांगितलं. सातवा महिना सुरू असलेल्या, बीपी असलेल्या माझ्या लेकीला. म्हटलं, तुझा नवरा चोरून गाडी चालवतो, उद्या रोग घरात आणेल.

तिने त्यांना विचारलं. ते म्हणाले, “आय हॅवन्ट. आय प्रॉमिस्ड यू.” मी बूट पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, कपाळाला आठ्या पडल्या, पण बोलले एवढंच, “आय डोन्ट नो, मंज.” मंजू रडायला लागली. खोटं बोलू नकोस, काहीही कर पण खोटं बोलू नकोस, हेच म्हणत राहिली. शेवटी ते उशी घेऊन बाहेर पडले आणि दारातल्या व्हॅनमध्ये झोपायला लागले. दुसरीकडे जायला परवानगीच नव्हती ना! जेवणाचं ताट मी खिडकीतून द्यायची. “थँक्यू, आई,” म्हणायचे. एक वाकडा शब्द नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी बूट माझ्या हातात दिला. “यू कीप इट.”

मी तो माझ्या प्रवासाच्या बॅगेत टाकला, साड्यांच्या खाली. आकड्यांचं कुलूप. आकडा फक्त मला माहीत. बॅग माझ्या पलंगाखाली.

गुरुवारी सकाळी बुद्धवंदना झाली, बॅग ओढली, उघडली. आतून एरंडेलाचा भपकारा. माझी मोतिया रंगाची साडी लाल मातीने भरलेली. आणि तळ चकचकीत... हात लावला तर कोमट.

मी किंचाळलेच असणार, कारण मंजू पोट धरून धावत आली. तिने बूट बघितला, साडी बघितली, मग मला बघितलं. त्या नजरेने मी आजही झोपेतून उठते.

“तू करतेस हे,” ती म्हणाली. “घासणीने घासतेस. तुला तो कधीच आवडला नाही.”

“मंजू, बाळा, शपथ सांगते...”

“दोन वर्षं त्याच्याशी बोलली नव्हतीस! आता या बुटाच्या नावाने आमचं घर मोडायला निघालीस? आई, फ्लाइट सुरू झाली की तू जा.”

मी खरं बोलत होते आणि पोटची पोर विश्वास ठेवत नव्हती. आठवडाभर ग्लेनरावांनी काय सोसलं, ते मला त्या एका मिनिटात कळलं.

आवाज ऐकून ते व्हॅनमधून आत आले. बूट उचलला, उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला. अंगठा टाचेशी थांबला. मग गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी एका खोक्यातून तीन जुने बूट आणले, मागच्या सीझनचे, झिजून टाकलेले, आणि चारही ओळीने माझ्या पलंगावर पालथे घातले.

“लुक,” ते मंजूला म्हणाले. “माइन ऑलवेज गो हिअर.” तिन्ही जुने बूट एकाच जागी झिजलेले, पुढे अंगठ्याच्या बाजूला. अगदी एकसारखे. हा चौथा मात्र मागे झिजलेला, टाचेच्या बाहेरच्या कडेला. पुढचा भाग फेब्रुवारीतल्यासारखा कोरा जाड.

मंजू शेवटी इंजिनिअर. तिने डोळे पुसले, ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला आणि बूट मोजायला बसली. मग पुन्हा एकदा मोजला.

“दोन मिलिमीटर गेलंय,” ती हळूच म्हणाली. “वेल्ड केलेलं हार्ड मेटल आहे. घासणीने नाही जात हे. आईच्याने नाही होणार.” मग नवऱ्याकडे बघून, “आणि तुझा पाय असा पडत नाही.”

“नो.”

“मग कोणाचा पाय हा?” मी विचारलं.

आता माझं नीट ऐका. ओळखीच्या माणसाचं अक्षर अचानक समोर आलं की आपण कसे थबकतो, तसे ग्लेनराव त्या टाचेकडे बघत होते. “डोन्ट नो, आई,” म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस खोटं बोलतोय.

मी माझं कॅलेंडर आणून दाखवलं. त्यांनी फ्रिजवरून एक कागद काढला, जानेवारीत छापून आलेलं सामन्यांचं वेळापत्रक. घरच्या मैदानावरचे सामने सगळे बुधवारी संध्याकाळी. तिकडे बुधवारची संध्याकाळ म्हणजे मेलबर्नला गुरुवारची पहाट. माझी टिंबं आणि ते न झालेले सामने, एकूण एक जुळले. कोरे गुरुवार म्हणजे टीम बाहेरगावी असती ते.

नंतर ते तासभर व्हॅनमध्ये बसून इंग्लंडला फोनवर बोलत होते. मी ताट घेऊन गेले तेव्हा डोळे पुसत होते. “एव्हरीथिंग ओके?” मी विचारलं. “नो वरीज, आई.” त्या दिवसापासून या विषयावर त्यांचं एवढंच उत्तर.

त्या संध्याकाळी उशी घरात आली. बूट परत खिळ्यावर गेला आणि गुरुवारी चमकत राहिला. आम्ही तिघंही त्याच्याखाली कपडे धूत राहिलो, काय करणार! ऑक्टोबरात वेळापत्रकातला शेवटचा सामना गेला, त्या सकाळी टाचेला आरपार भोक होतं. पुढच्या गुरुवारी काहीच नाही. त्यानंतर मी तिथे होते तोवर बूट चमकला नाही. नोव्हेंबरात नात झाली, दोघी सुखरूप. ग्लेनराव पुन्हा इंग्लंडला गेले नाहीत. बूट फेकून द्या म्हटलं तर तेही नाही.

मी विमान मिळाल्यावर परत आले. मंजूने माझी माफी मागितली नाही, मीही तिची नाही. आमच्यात तसं नाही. पण दर गुरुवारी, न मागता, तिच्याकडून एक फोटो येतो. खिळ्यावरचा बूट, वर नारिंगी गंज. म्हणजे ‘आई, सगळं ठीक आहे’. मी एक अंगठा पाठवते, आणि दिवसभर बरं वाटतं.

कारण शोधायचं असं वडील म्हणाले होते. मी शोधलं, वाचकहो. पीठ चाळलं, कुलूप लावलं, लेकीने मिलिमीटरमध्ये मोजलं. सापडलं नाही. आणि तो पाय कोणाचा, हे ज्या एका माणसाला ठाऊक असावं असा माझा संशय आहे, तो मला ‘आई’ म्हणतो आणि सांगत नाही.

आणखी एक. इतके फोटो आले, प्रत्येक समोरून काढलेला. चवडा दिसतो, पट्टा दिसतो. बुटाचा तळ एकाही फोटोत नाही.

दाखव म्हणून मी अजून म्हटलेलं नाही.